मदत हवी आहे: चार्ल्स ब्राव्होला विष कोणी दिलं?

लंडनच्या बालम भागातलं १८७६ चं ब्राव्हो प्रकरण वाचतेय आणि डोकं पार भंजाळलंय. तरुण बॅरिस्टर रात्री झोपायच्या खोलीतून "फ्लॉरेन्स, गरम पाणी!" असं ओरडत बाहेर येतो, तीन दिवसांत खलास. पोटात अँटिमनी (एक विषारी धातू). ज्युरीने खून ठरवला, पण खुनी कोण ते सांगता आलं नाही. बायको फ्लॉरेन्स, तिची सोबतीण मिसेस कॉक्स, जुना प्रियकर डॉक्टर गली, काढून टाकलेला घोडेवाला... संशय सगळ्यांवर. मला खटकतो तो ब्राव्होच! मरणाच्या दारात असूनही 'हिरड्यांना फक्त लॉडनम (अफूचं वेदनाशामक औषध) चोळलं' हेच पालुपद. बायकोला थोडंथोडं विष देताना चुकून स्वतःच प्यायला, ही थिअरी कितपत पटते? आणि उशाशी ठेवलेल्या पाण्यात टार्टार इमेटिक (अँटिमनीचा विषारी क्षार) विरघळवलं तर चव कळते का? कोणी फार्मसीवाले असाल तर प्लीज सांगा.