पीपीई किट घालूनही दवाखान्यातल्या स्टाफला कोव्हिडची लागण होते, ती वॉर्डात की चहाच्या टेबलावर?

मांजराकाठ

परवा बीडला एका लग्नात दोन डॉक्टर, एक निवृत्त मेट्रन (मुख्य नर्स) आणि मी एकाच पंगतीत बसलो होतो. जिलबी येईस्तोवर विषय 2020 वर गेला. सगळ्यांचं म्हणणं एकच, की किट निकृष्ट होते म्हणून स्टाफ बाधित झाला. मला ते पटत नाही आणि ते मी तिथंच बोललो. मठ्ठा येईपर्यंत कुणी माझ्याशी बोललं नाही.

मी लॅब टेक्निशियन. साडेपाच महिने स्वॅब घेतले. लोक तोंडावर खोकायचे, लेकरं हात झटकायची. मला काही झालं नाही. झालं कधी? स्वॅबवरून काढून स्टोअरला बसवलं त्यानंतर. तिथं दहा बाय दहाची खोली, खिडकीला पत्रा ठोकलेला, आणि चार वाजता आम्ही सहाजण मास्क हनुवटीवर घेऊन चहा प्यायचो. त्यातल्या चौघांचे रिपोर्ट एकाच आठवड्यात पॉझिटिव्ह आले.

कोव्हिडचा विषाणू लक्षणं दिसायच्या दोन-एक दिवस आधीपासूनच पसरतो. पेशंटपाशी आपण सावध असतो, सोबतच्या माणसापाशी नसतो. म्हणून माझं मत असं, की पुढच्या साथीत किटाच्या खरेदीआधी ड्युटी रूमच्या खिडक्या उघडा आणि डबा खायची वेळ वाटून द्या. पटत नसेल तर सांगा.

निवृत्त_सिस्टर

नाही पटत. स्वॅबचं काम दोन मिनिटांचं असतं, भाऊ. वॉर्डात सहा तास उभं राहावं लागतं. बायपॅपचा, म्हणजे दाबानं श्वास देणाऱ्या मशीनचा मास्क बाजूनं गळतो. जीव घाबरला की पेशंट तो ओढून काढतो, आणि परत लावायला आपलंच तोंड त्याच्या तोंडापाशी जातं. मे महिन्यात आमच्याकडं पारा 42 वर, वरून ते प्लास्टिक. चष्म्यावर वाफ धरली की सलाईनची शीर दिसत नव्हती. बाथरूमला जायची सोय नाही म्हणून पाणी पीत नव्हतो. एन-95 पाच मिळायचे, ते कागदी पिशवीत ठेवून आलटून पालटून वापरायचे. आणि खरा धोका किट उतरवताना. थकलेल्या माणसाचा हात पहिल्यांदा तोंडाकडंच जातो.

2003 च्या सार्सची गोष्ट माहीत आहे का? जगभरात 8,096 रुग्ण, त्यातले 1,706 दवाखान्यांतले कर्मचारी. म्हणजे पाचातला एक. ते काय सगळे चहा प्यायला बसले होते?

माझा राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. 'चहाच्या टेबलावर लागण झाली' असं कागदावर आलं की वरच्यांचे हात झटकून मोकळे. आमची एक सहकारी प्रसूती विभागात होती. रात्री तपासणी न झालेली बाई आली, बाळंत झाली, तिसऱ्या दिवशी तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह. आमची सहकारी तीन आठवड्यांनी गेली. केंद्राची 50 लाखांच्या विम्याची योजना मार्च 2020 पासून होती. तिच्या नवऱ्याला ऑफिसात पहिला प्रश्न काय, तर 'बाईंची ड्युटी कोव्हिड वॉर्डात लावल्याची ऑर्डर आहे का?' ऑर्डर प्रसूती विभागाची. मग फिरा या टेबलावरून त्या टेबलावर.

मांजराकाठ

सिस्टर, मी दोष स्टाफला देत नाही, खोलीला देतोय. कोंदट खोली दिली कुणी? प्रशासनानंच ना? आणि टेबलावर लागली म्हणून ती ड्युटीवरची लागण नाही, असं कुठं आहे? ते टेबल दवाखान्यातलंच आहे.

परभणीकर_72

राग येऊ द्या, पण बोलतो. स्टाफचंही चुकलं. गोळी खाल्ली की निर्धास्त फिरणारे मी स्वतः बघितलेत. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनची, म्हणजे त्या मलेरियाच्या गोळीची पट्टी खिशात आणि मास्क गळ्यात. आयसीएमआरनं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं मार्च 2020 मध्ये ती गोळी सुचवली तेव्हाच लिहिलं होतं की त्यामुळे खोट्या सुरक्षिततेत राहू नका. तेवढी ओळ कुणी वाचली? पुढं मार्च 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंच सांगितलं, की लागण टाळायला ही गोळी घेऊ नका. ड्युटी संपली की हेच लोक गल्लीत, किराणा दुकानात. म्हणून आमच्या गल्लीत लोक घाबरले तर त्यांचं काय चुकलं?

निवृत्त_सिस्टर

घाबरलेल्या लोकांनी मला खोली खाली करायला लावली, दादा. सामान टेम्पोत भरताना त्याच गल्लीतल्या दोघी गॅलरीतून थाळ्या वाजवलेल्या हातांनी बघत होत्या. आणि गल्लीत यायची हौस नव्हती. आधी ड्युटी झाली की विलगीकरणात ठेवायचे. मे 2020 मध्ये केंद्राच्या सूचना बदलल्या, मोठी जोखीम झाली असेल तरच विलगीकरण. मग आम्ही जायचं कुठं? घरी सासूबाई, दोन लेकरं. अंगणात बादलीभर पाण्यानं न्हाऊन आत यायचे, थंडीत सुद्धा.

लातूरचा_डॉक्टर

बादलीवरून आठवलं. हात धुवा, हात धुवा असं पोस्टर लावणं सोपं असतं. आम्ही 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेलो लोक. टँकर उशिरा आला की बेसिनपाशी आधी काय बंद होतं, हे इथल्या कुठल्याही दवाखान्यात विचारा. सॅनिटायझरनं भागतं, पण रक्त-चिकट लागलेल्या हाताला पाणीच लागतं.

बाकी मांजराकाठ यांचा खिडकीचा मुद्दा मला अर्धा मान्य. हवेतून पसरणाऱ्या रोगासाठी तासाला किमान 12 वेळा खोलीतली हवा बदलावी असं सांगतात. जुन्या इमारतींतल्या उंच छताच्या, समोरासमोर खिडक्यांच्या वॉर्डात वारा तरी खेळायचा. नव्या इमारतीत स्प्लिट एसी, तो आतलीच हवा फिरवतो. पण ही सूचना वॉर्डालाही तितकीच लागू आहे, फक्त चहाच्या खोलीला नाही.

परभणीकर_72

थाळीचं लागलं मला. आमच्या घरी पण वाजवली होती.

मावशीचं_लेकरू

तुम्ही सगळे वॉर्ड का टेबल म्हणून भांडायलाव. माझी माय कंत्राटी सफाई कामगार होती. दवाखान्यात सगळे तिला मावशी म्हणायचे. बेडपॅन तिनं उचलायचं, फरशी तिनं पुसायची, माणूस गेला की बॉडी पॅक करताना पायाकडून तिनंच धरायचं. किट मिळायचं ते आठवड्यातून तीन-चार दिवस, बाकीच्या दिवशी साधा गाऊन आणि कापडाचा मास्क. गमबूट दोघींत एक जोड.

तिला लागण झाली 2020 च्या सप्टेंबरात. वाचली. पण अजून जिना चढताना धाप लागते. ठेकेदारानं त्या महिन्याची खाड्यांची पगार कापली.

फेब्रुवारी 2021 मध्ये सरकारनं राज्यसभेत सांगितलं, 162 डॉक्टर, 107 नर्स, 44 आशा गेल्या. आयएमए, म्हणजे डॉक्टरांची संघटना म्हणाली डॉक्टरांचा आकडा याच्यापेक्षा कितीतरी मोठा. त्यांच्यासाठी भांडायला आयएमए तरी होती. पेपरात छापून आलेल्या त्या तीन आकड्यांत मावशी-मामा कुठं होते?

आता मांजराकाठ भाऊ, तुमच्या हिशोबानं सांगा. माझ्या मायला तुमच्या चहाच्या टेबलापाशी कुणी बसूच देत नव्हतं. मग तिला लागण कुठं झाली?

मांजराकाठ

याचं उत्तर माझ्यापाशी नाही, दादा. आई डबा कुठं खायच्या?

मावशीचं_लेकरू

जिन्याखाली. तिथंच दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या ठेवायचे, गाडी येईपर्यंत. कपडे पण तिथंच बदलायची.

मांजराकाठ

मग टेबल नसलं तरी जागा तीच झाली की. बंद, कोंदट, कुणी न बघितलेली.

निवृत्त_सिस्टर

तीच कशी हो? तुम्ही त्या खोलीत बसलात कारण तिथं चहा होता. ती जिन्याखाली बसली कारण तिला वर बसू दिलं नाही. आणि खरं सांगते, आमच्या ड्युटी रूममध्ये एक खुर्ची कायम रिकामी असायची. तिला बस म्हणायचं मलाही सुचलं नव्हतं.