दोनपैकी एक काढाच
वडिलांमागे आलेल्या दोन्ही बंदुका ठेवू की एक विकून टाकू, असं विचारलंत. शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर वारशाच्या धरून दोनच ठेवता येतात, तेव्हा कायद्याची अडचण नाही. पण आपल्या गोव्याच्या पावसाचं काय? सत्तरीत आमच्या घरी आजोबांची ठासणीची बंदूक चतुर्थीपर्यंत कपाटातच राहिली. काढली तर नळीवर तांबूस पापुद्रे, बोटांना चिकटणारे. फार वाईट वाटलं हो. पंधरवड्याला पुसून तेल लावणं जिचं जमेल, तीच ठेवा. दुसरी परवाना असलेल्यालाच विका; त्याआधी ४५ दिवस जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस स्थानकात लेखी कळवावं लागतं. निवडणुकीच्या काळात पोलिसांकडे जमा करायलाही मग एकच न्यावी लागेल.