शिआनला तीन दिवस द्याच
चीनच्या दहा दिवसांच्या सहलीत बीजिंग आणि शांघाय पुरे, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. जुना चीन बघायचा असेल तर शिआनला तीन दिवस द्याच. चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेले आणि १९७४ साली विहीर खणताना सापडलेले मातीचे सैनिक तर सगळेच बघतात. मला जास्त भावला तो शहराचा मिंग राजवटीतला कोट. घेर जवळजवळ १४ किलोमीटर, आणि वर भाड्याने सायकल मिळते. उन्हं उतरल्यावर निघालो. विटांच्या फरशीवर सायकल खडखडत होती, आतल्या बाजूला कौलारू छपरं, बाहेर उंच इमारती.

मोठा रानहंस पॅगोडा चुकवू नका. ह्युएन त्संगने भारतातून नेलेल्या पोथ्यांसाठी तो इ.स. ६५२ मध्ये बांधला. दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन इथल्या माणसांबद्दल लिहून ठेवणारा तोच हा! समोरच्या त्याच्या पुतळ्यापाशी अंगावर काटा आला.

डोंगर हवा असेल तर हुआशान वेगवान रेल्वेने तासाभराच्या आत. रोपवे आहे, तरी वर पायऱ्या भरपूर, गुडघ्यांचा विचार करा. ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळा, तेव्हा तिकडे राष्ट्रीय सुट्टी असते.