बेसवर ओपन स्ट्रिंग वाजवायची का पाचव्या फ्रेटला दाबायची? सल्ला पाहिजे

खानापूरचा_बेस
नमस्कार मंडळी. बेस गिटार घेऊन आठ महिने झाले, चार तारांचाच आहे, जाडीकडनं बारीककडं ई, ए, डी, जी. आमचा सहा जणांचा ग्रुप, अभंग, भावगीतं आणि मध्ये दोन-तीन कन्नड दासरपदं असा कार्यक्रम करतो. गणपतीत वडगावला वाजवलं तर साउंडवाला दोनदा स्टेजवर येऊन सांगून गेला, खाली नुसतं घुमालंय, बेस कमी कर. लई वाईट वाटलं, कारण महिनाभर घासून बसवलेलं. आता सर म्हणतात ओपन, म्हणजे न दाबता मोकळी तार, वाजवूच नको, सगळं दाबून वाजव, आणि व्हिडिओत बघावं तर मोठमोठे लोक बिनधास्त ओपन वाजवतात. ए पाहिजे असेल तर मोकळी ए वाजवू का ई तारेचा पाचवा फ्रेट (दांडीवरचा पाचवा घर), स्वर तर एकच की. आणि पाच तारांचा घेतला तर हा प्रश्न मिटतो का, घरी पैसे मागायच्या आधी विचारतोय.

शहापूर_लो_एंड
स्वर एकच, आवाज एक नाही. दोन्ही ५५ हर्ट्झच, पण मोकळी ए पूर्ण ३४ इंच हलते, तिला धार जास्त आणि ती लांब टिकते. ई तार जाड, पाचव्या फ्रेटला तिची साडेपंचवीस इंचच हलणारी लांबी उरते, त्यामुळं आवाज गोल आणि जाड येतो. तीन स्वर दाबलेले आणि मधेच एक मोकळा आला तर तो एकटाच वर उठतो.

पण तुझं घुमणं वेगळं असणार. आज एक करून बघ. ई वर पाचवा फ्रेट वाजव आणि लगेच ई तार हातानं बंद कर. मागं आवाज राहिला ना? ती शेजारची ए, तू तिला हात न लावताच हलायला लागली. म्हणजे सगळं दाबून वाजवलंस तरी ओपन वाजतेच आहे. अंगठा पिकअपवर (तारांखालचा आवाज पकडणारा भाग) खिळवून ठेवू नको, ए वर गेलास की ई वर टेकव, डी वर गेलास की ई आणि ए दोन्हीवर आडवा, आणि बारीक तारा डाव्या हाताच्या बोटांच्या पोटानं झाकायच्या. दाबलेला स्वर थांबवायला बोट नुसतं ढिलं केलं की झालं. मोकळीला तसं नाही, तिला जाऊन हात लावावा लागतो, नवीन पोरं तिथंच चुकतात.

निपाणी_ऑर्केस्ट्रा
तुमचा गायक कुठल्या पट्टीत गातो हे कुणी विचारलंच नाही, आणि माझ्या मते निम्मं उत्तर तिथंच आहे. समजा काळी १, म्हणजे सी शार्प. त्यात भूप घेतला तर सा रे ग प ध मध्ये तुझी एकही मोकळी तार बसत नाही. त्याच पट्टीत भैरवी आली की डी कोमल रे, ई कोमल ग, ए कोमल ध, तीन तारा आत, जी तेवढी बाहेर. आणि पांढरी २ असेल तर डी सा, ए प, जी म, ई रे, चारी तारा आपल्याच. म्हणून ओपन चांगली का वाईट असं सरसकट सांगताच येत नाही बघ.

माझा एक कार्यक्रम असाच हातचा गेला. सगळं पांढरी २ मध्ये ओपन धरून बसवलेलं, आणि त्या दिवशी गायकाचा घसा बसला, तो स्टेजवर बसता बसता म्हणाला अर्धा स्वर खाली घेऊ. दाबलेलं सगळं एक फ्रेट मागं सरकलं, पण बोटांना मोकळ्या डी ची सवय, सम आली की बोट तिकडंच. सा च्या जागी कोमल रे, आणि तोही लांब घुमणारा. तेव्हापासनं प्रत्येक गाणं आधी पूर्ण दाबून बसवतो, ओपन कुठं घ्यायची ते शेवटी ठरवतो.

गायक कायम काळी १ चाच असेल तर चारी तारा अर्धा स्वर उतरवून बघ. मग डी च्या तारेवर सा, ए वर प, जी वर म, ई वर रे.

गाते_टिळकवाडी
मी बेस वाजवत नाही, गाते, पट्टी काळी ४. तंबोऱ्याचा सा-प चालू असताना बेसचा भलता स्वर मागं राहिला तर गाणाऱ्याला कुठं टेकावं कळत नाही ओ, आवाज आपोआप चढायला लागतो. प्रेक्षकांना फक्त घुमल्यासारखं वाटतं, पण आम्हाला स्वर सुटल्यासारखं होतं. आणि विठ्ठल म्हणून लांब ओढ घेतो तिथं बेस खालनं घसरत आला की अंगावर काटा येतो, ते मोकळ्या तारेवर होत नाही, तेवढं दाबूनच घ्या. बेसच्या सोयीसाठी गायकाची पट्टी मात्र हलवू नका.

कॅम्प_फोर_स्ट्रिंग
सरांचं सुरुवातीला बरोबर आहे पण कायमचं ओपन बंद करू नको भावा. मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवाला जेम्स जेमरसन ओपन भरपूर वाजवायचा, तेही उजव्या हाताच्या एकाच बोटानं. पण त्याच्या प्रिसिजन मॉडेलच्या बेसला ब्रिजच्या (तारा जिथं खाली अडकवतात तो भाग) झाकणाखाली फोम होता, त्यामुळं तारा लांब घुमतच नव्हत्या. तू भांडी घासायच्या नव्या स्पंजची पट्टी कापून ब्रिजजवळ तारांखाली सरकव, अभंगाला तर हा आवाज पखवाजाच्या धुम्याला छान मिळतो.

आणि ओपनचा खरा फायदा हात हलवायला. दुसऱ्या फ्रेटवरनं नवव्याला जायचंय, मधे मोकळी ए एक मात्रा वाजव, तेवढ्यात हात आरामात वर पोचतो.

खानापूरचा_बेस
सगळ्यांना मनापासून थँक्यू. काल रात्री शहापूरच्या दादांचं करून बघितलं, ई बंद केली आणि ए खरंच वाजत होती, आठ महिन्यांत कधी लक्षातच आलं नव्हतं. नऊ गाण्यांतली सात काळी १ मध्ये आहेत. अर्धा स्वर उतरवला तर सा मोकळा मिळाला, पण जाड तार पहिल्या-दुसऱ्या फ्रेटला खडखडालीय.

निपाणी_ऑर्केस्ट्रा
तार ढिली पडली की तसं होतं. आत्ता कुठल्या जाडीच्या तारांचा सेट आहे बघ, ४५-१०० असेल तर पुढच्या वेळी ४५-१०५ घाल. तोवर जरा हलक्या हातानं वाजव, अँपचा आवाज वाढव. ट्रस रॉडला (नेक म्हणजे दांडी सरळ ठेवणारी आतली सळई) तू हात लावू नको, तुमच्या खानापूरच्या पावसात नेक तशीही हलते, माहीतगाराकडनं करून घे. आणि पाच तारांचं म्हणशील तर खालची बी साधारण ३१ हर्ट्झची, तिच्या दुसऱ्या फ्रेटला खर्जातला सी शार्प मिळतो, ई सुद्धा तिच्यावर पाचव्या फ्रेटला दाबून घेता येतो. पण झाकायला आणखी एक तार वाढते, आणि तीच सगळ्यात जास्त घुमते. चार तारा गप्प ठेवता आल्या की मग घरी विचार.