'श्रद्धा म्हणजे तर्काला सुट्टी' याबद्दल
श्रद्धा आली की तर्काला सुट्टी, हे मत ख्रिस्ती परंपरेला तरी सरसकट लागू होत नाही. व्यवहारात अनेक श्रद्धाळू तसे वागतात, हे मान्य. पण कॅथलिक चर्चने 1870 साली पहिल्या व्हॅटिकन परिषदेत (जगभरच्या बिशपांच्या सभेत) अधिकृतपणे जाहीर केलं की देवाचं अस्तित्व मानवी बुद्धीच्या प्रकाशात निश्चितपणे जाणता येतं, आणि हे नाकारणाऱ्याला बहिष्कृत ठरवलं. म्हणजे 'मी मानतो, कारण विचारू नका' ही भूमिका तिथे चूकच समजली जाते. (बुद्धीला कळतं हे फर्मान काढून सांगावं लागलं, ही गंमत वेगळीच!) ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसने तर तेराव्या शतकातच रेषा आखली होती: देव आहे इथपर्यंत तर्क नेतो, त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) मात्र तर्काने सिद्ध होत नाही.

शिवाय येशूचा आद्य प्रचारक पौल याने करिंथकरांना (करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळींना) लिहिलेल्या पहिल्या पत्रात, 15व्या अध्यायात, ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे असं सरळच म्हटलंय. सगळा धर्म एका घटनेवर पणाला लावणं हे धाडसच. आता त्या घटनेचा पुरावा मला अपुरा वाटतो. उठलेला येशू आपल्याला दिसला असं स्वतः लिहिणारा, आणि ज्याचं लेखन त्याचंच असल्याबद्दल फारसा वाद नाही, असा एकटा पौलच उरतो. पण 'पुरावा अपुरा आहे' आणि 'श्रद्धाळू पुरावा मागतच नाहीत' हे दोन निराळे आक्षेप आहेत, आणि 'तर्काला सुट्टी' म्हणताना दुसराच घेतला गेलाय.