हरभऱ्यात रानडुकरं: एकनळीनं जमिनीवरून मारायचं तर काय काय बघावं?

मांजराकाठ
राम राम मंडळी. आमचं रान लातूर जिल्ह्यात, मांजरा नदीच्या काठाला. साडेतीन एकर हरभरा आहे, घाटे भरायला लागलेत. आठ दिवस झाले, डुकरं येऊ लालेत. बारा-पंधराचा कळप आहे, पिल्लं धरून. खाल्लं त्याच्या दुप्पट तुडवलंय. तुषारच्या पाईपाखालची ओली माती तर नांगरल्यासारखी उकरली. शेजारी 14 एकर ऊस, दिवसा तिथंच बसून असतात. साड्या बांधल्या, फटाके वाजवले, झटका मशीन लावली. तारेखालून उकरून आत आले.

वडिलांची बारा बोअरची एकनळी बंदूक आहे, लायसन आता माझ्या नावावर आहे. आजवर नारळावर चार काडतुसं उडवलीत, तेवढाच अनुभव. मचाण बांधावं तर बांधावर दोनच बाभळी, त्याही वाकड्या. जमिनीवर उभं राहूनच मारावं लागंल. कोणतं काडतूस घ्यावं, किती अंतरावरून मारावं, बॅटरी कशी धरावी?

किनवट_पट्टा
दादा, आधी कागद करा. डुक्कर वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत आहे. पिकाचं नुकसान होतंय म्हणून कलम 11 खाली मारायची परवानगी मिळू शकते, पण ती लेखी हातात आल्याशिवाय बार काढायचा नाही. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडं अर्ज द्या. सोबत सातबारा, लायसनची झेरॉक्स, नुकसानीचे फोटो जोडा आणि अर्जाची पोच घ्या. मी एकदा पोच घेतली नव्हती, अर्ज कुठं गेला ते कोणी सांगेना, तोवर 2 एकर मका गेला. आणि परवानगी तुमच्या शेतापुरती असते, जंगलात शिरायचं नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली तर बंदूक ठाण्यात जमा करावी लागू शकते, तेही ध्यानात ठेवा. आमच्याकडं ऐन ज्वारी हुरड्यात असताना बंदुका जमा झाल्या होत्या.

बालाघाट_जागल
मी अंबाजोगाईकडचा, वय 61. परवानगी काढून आजवर 9 डुकरं मारली, सगळी जमिनीवर उभं राहून.

काडतुसाचं थोडक्यात सांगतो. एलजी घ्या, बारा बोअरला त्यात सहा मोठे छर्रे येतात. 25 पावलांच्या आत, जनावर आडवं उभं असताना, पुढच्या पायाच्या लगेच मागं, छातीच्या खालच्या अंगाला धरा. तोंड तुमच्याकडं असंल तर मारू नका. मोठ्या नराला खांद्यावर कातडीखाली ढालीसारखा चिवट थर असतो. एका पंचनाम्याला मी हात लावून बघितलं होतं: दोन छर्रे कातडीखालीच चपटे होऊन बसलेले, हरभऱ्यासारखे बोटाला लागत होते. ते डुक्कर दुसऱ्या बारानं पडलं. बॅटरी दुसऱ्या माणसाच्या हातात द्या आणि तो तुमच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला पाहिजे, पुढं नाही. डुकराची नजर मंद, पण नाक लई तिखट. वारा त्याच्याकडून तुमच्याकडं येत असंल तरच बसा, नाहीतर त्या रात्री झोपा.

आता तुम्ही विचारलं नाही ते सांगतो, माझ्या मते तेच मोठं आहे. मचाणावरून बार केला की नळी खाली असते, चुकलेला छर्रा मातीत जातो. जमिनीवर उभं राहिलं की नळी आडवी. एलजी डुक्कर मारायला 25-30 पावलांच्याच कामाची, पण तिचा छर्रा उडत 500 मीटरच्या पुढं जातो. मुरमाड रान असलं तर दगडावर आपटून कुठंबी वळतो. आणि या दिवसांत रात्री रान मोकळं नसतं. कोणी रात्रीच्या लाईटीवर गव्हाला पाणी देतंय, कोणी जागलीला आलाय, कोणाच्या वावरात मेंढरं बसलीत. अंधारात घोंगडी पांघरून बांधाला टेकलेला माणूस आणि बसलेलं डुक्कर यात 40 पावलांवरून मला फरक करता आला नाही. तो माझाच शेजारी होता. बिडी ओढायला त्यानं काडी पेटवली म्हणून मला कळलं, तवा माझ्या बंदुकीचा घोडा चढवलेला होता, फक्त चाप दाबायचा राहिला होता. ती रात्र मी अजून विसरलो नाही.

तेव्हापासून मी दिवसा उजेडी जागा धरतो. उभं राहायच्या जागेपासून पुढं दोन खुंट्या रोवायच्या, वरच्या टोकाला चुना फासायचा म्हणजे अंधारात दिसतात. त्या दोन खुंट्यांच्या मधल्या अंगालाच बार, आणि तिथं पाठीमागं उंच बांध नाहीतर टेकाडाचा चढ पाहिजेच. डुक्कर खुंटीच्या बाहेर गेलं तर गेलं. संध्याकाळी चौफेर सगळ्या शेतवाल्यांना फोन करायचा, आज कोण रानात आहे विचारायचं आणि मी बंदूक घेऊन बसणार हे सांगायचं. एकाचा जरी फोन लागला नाही तरी बसायचं नाही.

आणखी एक. जखमी डुक्कर उसात शिरलं तर रात्री मागं जाऊ नका. माझा चुलतभाऊ 2014 ला गेला होता. रक्ताचे थेंब बघत चार सऱ्या आत गेला. ओरडणं नाही, गुरगुरणं नाही, डुक्कर पाचटात दबून होतं. खालून वर सुळा मारला, मांडी आतल्या बाजूनं वीतभर उघडी झाली. मी पागोट्यानं करकचून बांधलं, टेम्पोत टाकून तालुक्याला नेलं, 22 टाके पडले. दोन बोटं अलीकडं लागलं असतं तर रस्त्यातच गेला असता. सकाळी वनरक्षकाला बोलवा, उजेडात चौघं जाऊन बघा.

किनवट_पट्टा
मटणाचंबी सांगून ठेवतो, गावात पोरं लगेच गोळा होतात. परवानगीनं मारलं तरी जनावर सरकारचं. पंचनामा होऊन वनखातं विल्हेवाट लावंल. वाटा करायला गेलात तर तुमच्यावरच गुन्हा.

मांजराकाठ
काका, आज दुपारी खुंट्या घेऊन गेलो होतो. बाभळीच्या खोडाला गुडघ्याच्या वर हातभर चिखल घासलेला दिसला, म्हणजे एक मोठं आहे. वारा पश्चिमेकडून येतोय, त्या हिशोबानं मी पूर्वेला उभा राहिलो तर तोंड उसाकडं होतं. मधला बांध कमरेइतका. पण उसाच्या पलीकडं परवा ऊसतोडीची टोळी उतरली, 11 कोप्या (पाचटाच्या झोपड्या) आहेत. पावलं मोजली, माझ्या जागेपासून 260 भरली. लेकरं बाहेरच झोपतात.

बालाघाट_जागल
मग त्या तोंडानं बंदूक उचलायचीच नाही. कमरेइतका बांध पुरत नाही आणि उसानं छर्रा अडत नाही. टोळी आली म्हणजे ऊस तुटणारच, डुकरांची बसायची जागा आपोआप मोडंल. कधी तुटणार ते मुकादमाला विचारा. तोवर झटक्याची खालची तार जमिनीपासून वीतभरावर घ्या, खालचं गवत काढून टाका आणि दोघं-दोघं आळीपाळीनं जागलीला बसा, डबा वाजवत. अर्ज मात्र उद्याच द्या. ऊस तुटल्यावर मला एक फोटो टाका, मागं काय आहे ते बघून जागा ठरवू.