उपाशी ठेवलेला कुत्रा मालकाच्या घरातून उचलायचा अधिकार संस्थांना का नसावा?

तळजाई: समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक लॅब्रॅडॉर आहे. गॅलरीच्या गजाला हातभर साखळीनं बांधलेला. घरचे शनिवारी पहाटे गावाला जातात ते रविवारी रात्री उगवतात. पाण्याचं भांडं दुपारच्या आत लवंडलेलं असतं, मग तो फरशी चाटत बसतो. माझ्या ओट्यासमोरच्या खिडकीतून सगळं दिसतं. परवा मान वळवली तेव्हा पट्ट्याखालचे केस गेलेले आणि कातडी ओली दिसली.

प्राणिमित्र संस्थेला फोन केला. म्हणाले, "ताई, मालकानं दिल्याशिवाय आम्हाला हात लावता येत नाही." चौकीत सांगितलं, गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. 1960 च्या प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. त्याच्या गळ्यातला पट्टासुद्धा त्याहून महाग असेल. माझं स्पष्ट मत आहे, संस्थांना उचलायचा अधिकार हवाच.

रानवाट: अजिबात नको. आमचा कुत्रा तेरा वर्षांचा होता, मूत्रपिंडं निकामी होत आली होती. बरगड्या मोजता याव्यात इतका वाळला होता. कुणीतरी खालून व्हिडिओ काढला आणि चौघं दारात आले. घरी फक्त माझे वडील, वय 78. "पोलीस आणू" म्हटल्यावर त्यांनी घाबरून साखळी हातात दिली. डॉक्टरांची फाईल टीव्हीखालच्या कप्प्यात होती, ती कुणी मागितलीच नाही. नऊ दिवसांनी परत मिळाला तेव्हा त्याला जिना चढवेना, मी उचलून वर आणला. त्यानंतर जेमतेम महिनाभर होता. माझे बाबा अजून स्वतःला दोष देतात.

नाशिकची वकील: दोघांनाही सांगते. त्याच कायद्याच्या कलम 11 मध्ये आखूड साखळी, पुरेसं अन्नपाणी न देणं, कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं, हे सगळं गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे. पण मालकाच्या संमतीशिवाय संस्थेच्या माणसानं कुत्रा उचलला तर त्याच्यावरच चोरीची आणि घरात घुसल्याची तक्रार होऊ शकते. कायद्यानं कुत्रा ही मालमत्ता आहे.

मात्र कलम 34 लोक विसरतात. शिपायाच्या वरच्या दर्जाचा पोलीस किंवा राज्य सरकारनं अधिकार दिलेली व्यक्ती जनावर ताब्यात घेऊन दंडाधिकारी किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढे तपासणीला नेऊ शकते. मालकी कायमची काढून घेणं हे न्यायालयाचं काम, कलम 29. तेही मालक दोषी ठरल्यावर आणि पुन्हा छळ होईल असं दिसलं तरच. तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आहे, तेव्हा तळजाई, तारखा लिहून ठेवा.

ओतूरकर: शहरातल्या संस्थेला गॅलरी आणि शेत यातला फरक कळतो का? जुन्नर भागात बिबट्या ओट्यावरून कुत्रा उचलतो. म्हणून रात्री आम्ही कुत्रा पडवीत आत बांधतो, बिबट्याला मान धरता येऊ नये म्हणून गळ्यात बाहेर टोकं असलेला खिळ्यांचा पट्टा. बाहेरचा माणूस तो पट्टा बघून छळच म्हणेल. असा अधिकार दिला तर पहिले आम्हीच सापडू.

तळजाई: रानवाट, तुमच्या बाबांचं वाचून खरंच वाईट वाटलं. संस्थेनं एकट्यानं ठरवू नये, हे पटलं. पण मग डॉक्टरनं तरी चोवीस तासांत यावं ना? दोषी ठरेपर्यंत कुत्रा जगायला हवा.

रानवाट: डॉक्टर येऊ दे, माझी ना नाही. आधी फाईल बघा, घरच्यांशी बोला. पण "आधी उचला, मग तपासा" याला माझा विरोध कायम आहे. खटला वर्षानुवर्षं चालतो आणि तेवढे दिवस जनावर पिंजऱ्यात बसतं.

तळजाई: आणि साखळीवर बसलेलं चालतं? मी याबाबतीत मागे हटणार नाही. वाट बघण्याची किंमत दर वेळी कुत्राच मोजतो.

नाशिकची वकील: पोलिसांकडे अर्ज लेखी द्या. कलम 34 स्पष्ट लिहा, फोटो तारखेसकट जोडा, पोचपावती घेतल्याशिवाय उठू नका. प्रत जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयात द्या.

तळजाई: तीन शनिवारांचे फोटो आहेत. उद्या सकाळी दहाला जाते. परवा पुन्हा शनिवार आहे.